‘टँक’ आणि टांकें

मोटारी व दुचाक्या घडविणाऱ्या पिंपरी-चिंचवड-चाकण या टापूंत ‘टँक’ हा इंग्रजी शब्द सर्वांच्या तोंडीं आहे. इंधनाच्या पात्रास तेथें कोणी टँक म्हणतो, कोणी टांकी. दुसरा शब्द पहिल्याचा अपभ्रंश होय, अशी सुशिक्षितांचीहि समजूत दिसते. आमच्या मतें नातें बहुधा उलट आहे.

यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत या शब्दास एक भारतीय व एक युरोपीय अशीं दोन मुळें दिसत असल्याचें नमूद आहे. युरोपीय मूळ पोर्तुगीज ‘तांके’; त्याचा संबंध लॅटिन ‘स्ताग्नुम’ म्हणजे सांचलेलें पाणी याशीं लावतात. भारतीय मूळ गुजराती-मराठी टांकें. या टांक्याची व्युत्पत्ति कित्येक संस्कृत ‘तडाग’ शब्दापासून देतात. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. तडागाचें मराठींत ‘तळें’ झालें. चाकणच्या पश्चिमेकडील तळेगांवाच्या नांवांत तोच शब्द आहे. तडागापासून टांकें आणावयाचें तर तकाराचा टकार करावा लागतो, डकार गाळावा लागतो, गकाराचा ककार करावा लागतो, आणि अनुस्वार पदरचा घालावा लागतो! उलट संस्कृत ‘टंक’ म्हणजे पाथरवटाचें दगड फोडण्याचें हत्यार. अमरकोशांत हाच अर्थ आहे. ‘कंकण’ याचें कांकण, ‘टंकशाला’ हिची टांकसाळ, त्याच नियमानें टंकापासून मूर्तिकाराची टांकी, आणि टांकीनें कोरलेलें तें टांकें. लोहगड-विसापुरावर जाऊन पाहावें. पाण्याचीं टांकीं कातळांत खोदलेलीं आढळतील.

आतां अडचण सांगितली पाहिजे. विसापुराच्या अंगास असलेल्या भाजें येथील लेण्यांत महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त यानें टांकें दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. पण वस्तु टांक्याची असून शब्द ‘पोढि’ आहे. तो शब्द पुढें मराठींतून लोपला. त्याच्या जागीं टांकें केव्हां आलें, यावर वादाचा निकाल अवलंबून आहे. तें १४९८ नंतर, म्हणजे पोर्तुगीज आल्यावर रुजलें असें ठरल्यास आमचा टंक फुकट जाईल, आणि तांकेच मराठी वेष घेऊन बसला असें कबूल करावें लागेल. तथापि मारवाडच्या वाळवंटांतहि पावसाचें पाणी सांठविण्याच्या कुंडास ‘टांका’ म्हणतात. समुद्रापासून इतक्या आंत हा शब्द फिरंग्यांनीं पोंचविला, हें मानणें कठीण. बहुधा दोन स्वतंत्र शब्द आमच्या किनाऱ्यावर भेटले आणि उच्चारसाम्यामुळें इंग्रजांनीं ते एक केले.

१९१६ च्या सप्टेंबरांत सोमच्या रणांगणावर उतरलेल्या चिलखती गाड्यांस गुप्ततेसाठीं हेंच नांव दिलें गेलें होतें. आपण त्यांस रणगाडा म्हणतों, तें बरें झालें.

संग्राहकांस विनंति अशी कीं, १४९८ पूर्वीच्या तिथियुक्त मराठी शिलालेखांत, ताम्रपटांत वा पोथींत, विशेषतः जेथें दान दिलेल्या जमिनीच्या सीमा सांगितल्या असतील तेथें, ‘टांकें’ हा शब्द पाण्याच्या अर्थानें आढळल्यास मूळ वाचनासह प्रसिद्ध करावा. नकलेवर विसंबूं नये. नकलकार अपरिचित जुन्या शब्दाच्या जागीं आपल्या काळचा शब्द सहज घालतो.