पदव्यांची यादी पाठ, पदव्यांची वाट मात्र विसरलो

एप्रिल आला की पुसद तालुक्यात गावोगावी जयंतीचे मंच उभे राहतात. प्रत्येक मंचावर कुणीतरी बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणतो: बी.ए., एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. टाळ्या पडतात. मग जून-जुलै येतो. त्याच गावातली एखादी मुलगी म्हणते की बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं, पण मला आता बी.ए.ला जायचंय. तेव्हा टाळ्या वाजवणारे हेच हात कपाळाला लागतात. "धरसोड आहे नुसती." "झेपलं नाही म्हणून पळाली." "बाबासाहेब असे शिकले असते तर?"

बाबासाहेब कसे शिकले, हाच तर खरा प्रश्न आहे. आम्ही पदव्यांची यादी पाठ केली, पण एका पदवीपासून दुसरीपर्यंतची वाट कशी होती, कुठे अडली, कुठे वळली, ते वाचलंच नाही. ती वाट सरळ नव्हती. ती पुन्हा तपासली तर आजच्या पोरांचा विषयबदल हा गुन्हा ठरत नाही, आणि अडचण नेमकी कुठे आहे तेही दिसतं.

पहिला बदल: लादलेला

बाबासाहेबांच्या शिक्षणातला पहिला विषयबदल त्यांच्या मर्जीने झाला नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले, तेही इंग्रजी आणि फारसी घेऊनच.

हे नीट लक्षात घ्या. विषय "निवडला" असं आपण सहज म्हणतो, पण निवड कुणाची असते? ज्याच्यापुढे दोन दारं उघडी असतात त्याची. एक दार जातीने बंद केलं की उरलेल्या दारातून जाण्याला निवड म्हणत नाहीत. आज जातीचं नाव घेऊन कुणी विषय नाकारत नाही. पण गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाची प्रयोगशाळा कुलूपबंद, गणिताचं पद रिक्त, आणि बारावीनंतर "सीट मिळतेय तिथे टाका" हा नातेवाईकांचा सल्ला. अशी घेतलेली शाखा वर्षभरात चुकीची वाटली, तर दोष त्या अठरा वर्षांच्या पोरीचा कसा?

दुसरा टप्पा: मोकळीक काय करते

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण त्यांनी तिथे काय काय शिकून घेतलं ते बघा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या वर्गात काय करत होता? ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. 'कास्ट्स इन इंडिया' हाच तो निबंध. तो १९१७ साली छापला गेला आणि आज शंभर वर्षांनंतरही समाजशास्त्राच्या वर्गात वाचला जातो. आम्हीही एम.ए.ला तो वाचला. "तुझा विषय अर्थशास्त्र, तू आपल्या वर्गात बस," असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर जातिव्यवस्थेच्या मुळाशी हात घालणारा तो निबंध त्या चर्चासत्रात वाचलाच गेला नसता. विद्यापीठाने दिलेली एवढीशी मोकळीक केवढं काम करून गेली!

तिसरा टप्पा: अर्धवट सुटलेलं लंडन

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडे एकाच वेळी दोन पदव्या करायला विद्यापीठ अनुदान आयोगाने परवानगी दिली ती २०२२ साली. म्हणजे बाबासाहेबांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी.

पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. इथेच आमच्या मुद्द्याचं मर्म आहे. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीवरून लंडन विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन तोच अभ्यास पुढे सुरू करण्याची मुभा दिली. नाव कापलं नाही, केलेलं काम पुसलं नाही.

मधल्या काळात काय झालं? बडोद्यात राहायला घर मिळेना, नोकरी सोडावी लागली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगार ४५० रुपये. त्यातून काटकसर. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक, मार्चमध्ये माणगावची परिषद. आणि जुलै १९२० मध्ये, मुदत संपायच्या आत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. डी.एस्सी.चा प्रबंधसुद्धा परीक्षकांनी एकदा बदलायला लावला होता. कोलंबियाची पीएच.डी. तर छापील प्रबंध सादर झाल्यावर १९२७ साली पदरात पडली. न्यूयॉर्क सोडल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी!

आता सांगा, १९१७ साली परतलेल्या सव्वीस वर्षांच्या भीमरावाकडे बघून आपल्या गावातले लोक काय म्हणाले असते? अमेरिकेची पीएच.डी. हातात नाही, लंडनची पदवी अर्धी, वकिली अर्धी, बडोद्याची नोकरी सुटली. "धरसोड," असंच ना?

वाट तीन गोष्टींवर चालते

या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी काढतो. अभ्यासक्रम बदलायचा किंवा सोडून परत यायचं, तर आधी केलेलं काम धरलं गेलं पाहिजे. परत यायला वेळ मिळाला पाहिजे. आणि परत येईपर्यंत व आल्यावर जगायला पैसा पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी लंडन विद्यापीठाने दिल्या. तिसरी दिली नाही, ती शाहू महाराजांनी आणि एका पारशी मित्राने भरून काढली.

हा पैशाचा खड्डा बाबासाहेब विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि आमच्या मुलांनी केवळ कला व कायदा यांवर न थांबता विज्ञान आणि तंत्रज्ञानाकडे जावं, असा आग्रह धरला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण आज जिला 'भारत सरकारची स्कॉलरशिप' म्हणतो ती हीच.

पुसदच्या पोरांपुढचं आजचं गणित

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ झालं. त्याआधी यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. पुसद विदर्भाच्या कडेला आहे. इथली बरीच पोरं नांदेडला शिकायला जातात. ते विद्यापीठ वेगळं. म्हणजे टीसी, मायग्रेशन, समकक्षता, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. उमरखेड, महागाव, दिग्रसहून एसटीने येणाऱ्या मुलीला प्रॅक्टिकलची हजेरी जमत नाही म्हणून शाखा बदलायची असते. तिला या कागदांच्या मागे किती चकरा माराव्या लागतात, हे आम्ही तिच्यासोबत रांगेत उभे राहून पाहिलं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. २०२१ मध्ये 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम आले. एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षं केली तर पदविका, मध्येच सोडा, परत या, क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा. कागदावर पाहिलं तर लंडनने बाबासाहेबांना दिलेल्या चार वर्षांपेक्षा ही मुदत जास्त आहे. या धोरणावर आमचे आक्षेप अनेक आहेत, पण ही तरतूद तत्त्वतः वाईट नाही.

मग अडतं कुठे? तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे पैशावर. शिष्यवृत्तीच्या नियमांप्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी न घेता विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. वर्षाच्या मध्ये शिक्षण सोडलं तर घेतलेली रक्कम परत मागता येते. एक पदवी पूर्ण करून त्याच पातळीची दुसऱ्या विषयातली पदवी घ्यायची तर शिष्यवृत्तीच नाही. म्हणजे क्रेडिट विद्यार्थ्याबरोबर चालतं, पैसा मात्र जुन्या वर्गातच बसून राहतो. ज्याच्या बापाकडे शेत आहे तो नवीन धोरणाची मोकळीक भोगेल. जिची आई सोयाबीन सोंगायला जाते ती नको असलेल्या शाखेत तीन वर्षं रेटेल, नाहीतर घरी बसेल.

यावर उत्तर तयार असतं: "सरकारी पैसा आहे, शिस्त नको का?" हवी ना. कुणी वर्षानुवर्षं फक्त प्रवेश बदलत स्कॉलरशिप उचलत असेल तर ते आम्हालाही मान्य नाही. पण त्यावर उपाय सोपा आहे. शिष्यवृत्ती अभ्यासक्रमाला न बांधता वर्षांना बांधा. पदवीसाठी ठरावीक वर्षं, त्यात एकदा बदल करण्याचा हक्क. पूर्वपरवानगीचा अर्ज आला की तीस दिवसांत लेखी निर्णय, आणि नाकारला तर कारण. एवढ्याने शिस्तही राहील आणि पोरगीही शिकेल.

तोपर्यंत आपण काय करायचं? मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही, आयोगाची २०१८ची अधिसूचना तसं सांगते. ते ठणकावून सांगा. विषय बदलण्याआधी परवानगीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरतात. कॉलेज झेपत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथे जाणं कमीपणाचं नाही. आणि प्रत्येक विहाराने जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी, अशाच मधल्या वर्षात अडकलेल्या पोरांसाठी. नवल भथेनाने एका मित्रासाठी जे केलं, ते शंभर घरांची वस्ती एका मुलीसाठी करू शकत नाही का?

बाबासाहेबांचं शिक्षण अर्ध्यावर थांबलं होतं, पण संपलं नाही, कारण परतीचं दार उघडं होतं आणि कुणीतरी तिकिटाचे पैसे दिले होते. आपल्या पोरांसाठी दार नियमांनी थोडं उघडलं आहे. तिकिटाची सोय सरकारकडून भांडून घ्यायची आहे, आणि ती होईपर्यंत आपल्या खिशातून करायची आहे.

जय भीम!