लातूरच्या एप्रिलात आर्ची

12 एप्रिल 2016ची पहाट. तुम्ही लातूरच्या स्टेशनवर उभे आहात. मिरजेहून पाण्याची गाडी, जलदूत, आलीय. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी आहे. घागरी घेऊन पाचाच्या वर माणसं जमायची नाहीत.

आता सतरा दिवस पुढं चला. शुक्रवार, ‘सैराट’ लागलाय, थेटर गच्च. शेजारच्यानं शेवटची अंघोळ कधी केली, ते विचारू नका. पडद्यावर बुलेटवरून एक पोरगी, आर्ची, येते, पुढं ट्रॅक्टरही चालवते, आणि कुणी उलट बोललं की जागीच ऐकवते. ‘झिंगाट’ सुरू झालं की पडद्यापुढची मोकळी जागा नाचणाऱ्यांनी भरून जाते. ज्या शहरात जमायला बंदी, तिथं एवढी माणसं एका छताखाली!

मध्यंतरानंतर आर्ची आणि तिचा प्रियकर परश्या हैदराबादला पळतात. पुण्याच्या प्रेक्षकाला ते लांबचं गाव वाटेल, नांदेड-लातूरकरांना नाही. 1948पर्यंत आपला कारभार तिथूनच चालायचा, आणि आजही कामधंद्याला, दवाखान्याला माणसं तिकडची गाडी धरतात. म्हणून झोपडपट्टीत भाषा न कळल्यानं गांगरलेली आर्ची बघताना तुमच्या मागच्या रांगा एकदम गप्प होतात.

आर्ची झालेल्या पोरीला शोधायचं तर 2013च्या अकलूजला जावं लागेल. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे गावात आलेत. त्यांना भेटते सातवीतली रिंकू राजगुरू, शाळेच्या दाखल्यावर प्रेरणा, आई-वडील दोघंही शिक्षक. तिच्या गाठीशी ना एकांकिका स्पर्धा, ना पुण्या-मुंबईची मालिका. नटी व्हायची जी शिडी आपण ऐकून आहोत, तिच्या एकाही पायरीवर या मुलीनं पाय ठेवलेला नाही. माझ्या मते तिचं बळ तिथंच आहे. गावरान बोली हेल काढून ‘सादर’ करणाऱ्या नायिका आपण ढिगानं पाहिल्या. ही घरी बोलते तशी बोलते. मंजुळ्यांनी ती बोली घासूनपुसून घेतली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

परत 2016. फेब्रुवारीत ‘सैराट’ बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेलाय, मार्चअखेर रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख जाहीर झालाय. 3 मे रोजी दिल्लीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हातून ती तो घेते. वय चौदा. पंधरा पूर्ण व्हायला अजून महिना आहे.

यानंतर सिनेमा शंभर कोटींच्या पार जातो. मराठीत असं पहिल्यांदाच घडतं. अकलूजची ही पोरगी मात्र कुठंही गेली तरी गर्दी होते, आणि शाळेत रोज जाऊन बसणं जमेनासं होतं. शेवटी ती सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा बाहेरून देते. जून 2017मध्ये निकाल लागतो: 66.40 टक्के.