दवंडीचं कूळ

झाशी जिल्ह्यातलं एरच हे बेतवेच्या काठचं गाव. ही हिरण्यकश्यपूची नगरी, प्रल्हादाला मांडीवर घेऊन होलिका बसली ती इथंच, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. त्यामुळे होळी आली की एरचचं नाव निघतं. मला मात्र एरच भेटलं ते पाली भाषेतल्या एका जुन्या गोष्टीत. ‘पेतवत्थु’ या बौद्ध ग्रंथात दशार्ण देशातल्या एरकच्छ नगरीच्या धनपाल शेठची कथा येते. एरकच्छ म्हणजे आजचं एरच, असं अभ्यासक मानतात. धनपालाकडे ऐंशी गाड्या भरतील एवढं सोनं होतं आणि हात आखडलेला. पण मेल्यावर तो प्रेतयोनीत गेला तो केवळ कंजूषपणामुळे नाही. गावात लोकांनी लावलेल्या बागा, खोदलेली तळी आणि विहिरी, घातलेल्या पाणपोया, अडचणीच्या जागी बांधलेले साकव, हे सगळं त्यानं मोडून टाकलं होतं. या कर्मापायी पंचावन्न वर्षं त्याला अन्नाचा कण मिळाला नाही की पाण्याचा थेंब.

पाणी, झाडं, वाटेवरचा पूल. आजच्या कुठल्याही पंचायतीच्या कामांची यादी काढा, निम्मी कामं हीच असतात. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाच्या नावावर जी गोष्ट सांगितली गेली ती गावाच्या सोयींची आहे, आणि त्या सोयी मोडणं हे पाप मानलेलं आहे. मग मनात येतं: तळं कुणी खोदायचं, कर किती भरायचा, पूल कधी होणार, हे गावाला कळत कसं होतं? छापील कागद नव्हता आणि वाचणारे थोडे. तिथं दवंडी येते. ही तिचीच कुळकथा.

दवंडीचा सगळ्यात जुना लेखी माग मला अशोकाच्या शिलालेखांत दिसतो. एरचपासून फार लांब नाही, झाशीला लागून असलेल्या दतिया जिल्ह्यात गुजर्रा इथं अशोकाचा एक लघुलेख आहे. ज्या मोजक्या लेखांत ‘अशोक’ हे नाव आलेलं आहे, त्यांतला हा एक. पण दवंडीच्या दृष्टीनं महत्त्वाचे दोन लेख दुसरीकडचे आहेत. गिरनारच्या चौथ्या लेखात राजा म्हणतो की आता भेरीचा आवाज हा धर्माचा आवाज झाला आहे. म्हणजे भेरी वाजली की लोकांनी कान टवकारायचे ही सवय त्याच्या आधीचीच. त्यानं बदलला तो मजकूर. दुसरा लेख कलिंगातला, धौली आणि जौगडचा. तिथं अधिकाऱ्यांना हुकूम आहे की हा लेख दर चार महिन्यांनी तिष्य, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा. मधल्या काळातही ऐकवावा, एकच माणूस समोर असला तरी. दगडावर कोरून भागत नाही, ते मोठ्यानं वाचलं पाहिजे, आणि त्याला दिवस ठरलेला पाहिजे, हे त्या राजाला कळलेलं होतं. आपल्याकडे सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं त्याचा दूरचा पूर्वज हाच.

दवंडीचा प्रत्यक्ष आवाज ऐकायचा तर शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा दहावा अंक उघडावा. चारुदत्ताला वधासाठी उज्जयिनीच्या रस्त्यांतून नेत आहेत. ठरलेल्या घोषणेच्या जागा आहेत. तिथं आलं की थांबायचं, वाद्य वाजवायचं आणि हा कुणाचा कोण, यानं काय केलं, राजानं काय शिक्षा दिली, ते सांगायचं. सांगून झालं की पुढची जागा. आपल्या गावात दवंडीवाला मारुतीच्या देवळापुढं, मग पाराजवळ, मग वेशीत थांबतो ती रीत याच साच्याची आहे. आणखी एक गोष्ट तिथंच दिसते. ही घोषणा करणारे दोघे चांडाळ आहेत. राजाचा शब्द सगळ्या नगरात पोहोचवायचा, पण तो उच्चारायचा ज्यांना नगरात राहायला जागा नाही त्यांनी. निकाल न्यायालयात लागला, तिथं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दवंडीच्या कुळातलं हे शल्य तिथून थेट महाराष्ट्राच्या गावगाड्यात उतरलं. वेसकर, तराळ, येसकर अशा नावांनी महार समाजावर गावकीची जी कामं वंशपरंपरेनं लादलेली होती, त्यांत चावडीवर लोकांना बोलावून आणणं आणि दवंडी देणं हे होतंच. शेतसारा भरायची तारीख, साहेबाचा मुक्काम, जनावरांचा रोग, कुणाच्या जमिनीची जप्ती, हे सगळं गावभर सांगायचं आणि स्वतः मात्र चावडीच्या पायरीखाली उभं राहायचं. कित्येक गावांत वाद्य मांगवाड्यातून यायचं. हलगी वाजवायच्या आधी ती काटक्यांच्या जाळावर धरून तापवावी लागते. कातडं ताठ झालं की बोटानं टिचकी मारून पाहायची, मग एका हातात जाडसर टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी. पावसाळ्यात कातडं सर्दावतं, वाटेत दोनदा शेकावं लागतं. आवाज घुमला की दारं उघडतात, बायका उंबऱ्यापर्यंत येतात, पोरं मागे लागतात. ‘ऐका हो ऐका’ म्हणून झालं की मजकूर. तो मजकूर पाटील-कुलकर्ण्यांनी सांगितलेला, शब्द पुढं-मागं झाला तर बोलणी ज्यानं दवंडी दिली त्यालाच.

शंकरराव खरातांनी आपल्या आत्मचरित्राला ‘तराळ-अंतराळ’ हे नाव दिलं ते उगाच नाही. आटपाडीच्या ज्या घरात तराळकी होती त्या घरातला हा मुलगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडलं. रोख होता 1874च्या वतन कायद्यावर. वतन म्हणून जमिनीचा तुकडा मिळतो, पण कामाला वेळ नाही, मोबदल्याला मोजमाप नाही आणि नाही म्हणायची सोय नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ गाव वतनं कायद्यानं गेली ती 1958 साली. 1956च्या धर्मांतरानंतर गावोगाव लोकांनी गावकीची कामं टाकली, तेव्हा अनेक ठिकाणी दवंडीही बंद पडली. त्या शांततेचा राग आलेल्या गावांनी बहिष्कारही घातले. दवंडी गेली म्हणून हळहळणारे लेख मी वाचलेले आहेत. त्यांत हे प्रकरण नसतं, आणि त्याशिवाय दवंडीची आठवण काढणं मला पटत नाही.

पुन्हा झाशीकडे येऊ. 1742 साली नारो शंकर इथं पेशव्यांचे सुभेदार म्हणून आले आणि पुढं नेवाळकरांचा अंमल झाला. मराठी घरं इथं रुजली ती आजपर्यंत. या शहरानं ऐकलेली सर्वांत गाजलेली दवंडी 1857ची. तिच्या सुरुवातीला तीन पायऱ्या होत्या: सृष्टी ईश्वराची, मुलूख बादशहाचा, अंमल राणी लक्ष्मीबाईंचा. कित्येक संस्थानांत दवंडीचा आरंभ याच साच्याचा असे, फक्त शेवटचं नाव बदलायचं. त्या साच्यात सत्तेची उतरंड एका दमात सांगून होते आणि ऐकणाऱ्याला आपली जागा कळते. ईस्ट इंडिया कंपनीनं आपली उतरंड कागदावर आणली. 11 फेब्रुवारी 1818 रोजी एल्फिन्स्टननं साताऱ्याहून काढलेला जाहीरनामा हा त्याचा ठळक नमुना. पण गावपातळीवर इंग्रजांनाही वाद्य सोडता आलं नाही. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, एकविसाव्या आदेशाच्या 54व्या नियमात, स्थावर मालमत्तेची जप्ती ढोल वाजवून किंवा तिथल्या रूढ पद्धतीनं जाहीर करावी असं लिहिलेलं आहे. हा नियम आजही लागू आहे. बेलिफाच्या अहवालात ‘दवंडी देऊन जाहीर केले, नोटीस डकवली’ हे वाक्य पंचांच्या सह्यांसकट असतं. वाद्य खरोखर वाजलं का, हे त्या पंचांना माहीत.

इथवरच्या सगळ्या दवंड्या एका दिशेच्या होत्या. वर ठरलं ते खाली सांगायचं. या कुळात पहिल्यांदाच वेगळं रक्त आलं ते ग्रामसभेच्या दवंडीनं, कारण ती ठरलेलं सांगत नाही, ठरवायला बोलावते. 1958च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्यानं ग्रामसभा आणली. 1993 साली अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीनं तिला राज्यघटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात, त्यांची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते, फलकावर लावून आणि दवंडी देऊन. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होते. उत्तर प्रदेशच्या 1947च्या पंचायत राज कायद्यात वर्षाला दोन सभा आहेत, एक खरीप निघाल्यावर आणि एक रब्बी निघाल्यावर. शेतकऱ्याला सवड कधी असते हे पाहून केलेला हा नियम मला फार आवडतो.

आता या दवंडीवर किती अवलंबून आहे ते बघा. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेची दवंडी धड झाली नाही, वाडीवस्तीवर पोहोचली नाही, तर आठवड्याभरानं दहा-बारा माणसं बसून घरकुलांची यादी मंजूर करू शकतात आणि ते कायद्यानं चालतं. सकाळी कामाला निघून गेलेल्या मजूर बाईला संध्याकाळी कळतं की यादीत नाव नाही. तिच्या वस्तीत हलगी आली नव्हती, भोंगा लावलेली घंटागाडी वळणावरूनच परत गेली होती, आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती नाही. दवंडी द्यायची राहिली, हे क्षुल्लक कारण नाही. मतदान यंत्र बंद पडलं तर गाव जेवढं पेटून उठेल तेवढंच इथंही उठलं पाहिजे.

दवंडी उलटीही फिरू शकते, हे राजस्थानानं दाखवलं. पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात 2 डिसेंबर 1994 रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाई घेतली. सरकारी हजेरीपटावरची नावं भर सभेत मोठ्यानं वाचली गेली. कामावर कधी न गेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं निघाली आणि लोक उठून सांगू लागले. गावानं सरकारचा कागद सरकारला वाचून दाखवला. तिथून वाढलेल्या चळवळीचा 2005च्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेनं कामांचं सामाजिक अंकेक्षण करावं हे कलम आलं. 2015च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक कार्यालयात फलक लावायला सांगितलं: कुठला दाखला, किती दिवसांत, कुठल्या अधिकाऱ्याकडून. जन्ममृत्यूची नोंद किंवा नमुना 8चा उतारा मागायला गेलात आणि ‘उद्या या’ म्हटलं गेलं, तर त्या फलकाकडे बोट दाखवता येतं. हीही एक दवंडीच, फक्त ती भिंतीवर स्थिर आहे आणि वाचता येणाऱ्यालाच ऐकू येते.

एरच या साखळीत कुठं बसतं? शेतीवर जगणारं गाव असूनही एरच ग्रामपंचायत नाही, नगर पंचायत आहे. ती येते 74व्या घटनादुरुस्तीखाली. त्या दुरुस्तीत प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांना. एरच त्याच्या जवळपासही नाही. आणि ग्रामसभेसारखी सर्व मतदारांची सभा नगर पंचायतीला घटनेनं लावून दिलेलीच नाही. पाच-सात कोसांवरच्या लहानशा गावातल्या शेतकऱ्याला खरीप-रब्बीनंतर सभेत उभं राहून विचारायचा हक्क आहे. एरचच्या शेतकऱ्याला तसा नाही. त्याला पाच वर्षांनी मत आहे आणि मधल्या काळात अर्ज.

महाराष्ट्रातही हेच घडलं आहे. 2014च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगर पंचायती झाल्या. निधी वाढेल, रस्ते होतील म्हणून लोकांनी स्वागत केलं, काही ठिकाणी मिरवणुका निघाल्या. घरपट्टी वाढली, ते लगेच लक्षात आलं. ग्रामसभा गेली, ते पुष्कळांच्या ध्यानात आलं ते पहिली 26 जानेवारी सभेविना उलटून गेल्यावर. अशा गावांत रिक्षावरचा भोंगा अजून फिरतो. पाणी उद्या येणार नाही, थकबाकी भरा, डासांची फवारणी आहे, हे सगळं तो सांगतो आणि ते सांगायलाच हवं. सभेला या, एवढंच तो म्हणत नाही. नगर पंचायतीनं स्वतःहून वर्षातून दोनदा मोहल्लासभा बोलवायची म्हटलं तर तिला कुठला कायदा आडवा येत नाही. एरचमध्येही नाही, आपल्या तालुक्यातही नाही. अशी सभा घ्या, असा अर्ज कुठल्याही मतदाराला आजच देता येतो, आणि दिलेल्या अर्जाची पोच मागता येते.