खुनारी खिडकी

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक बाजारचे, एक रेल्वेचे. आम्ही रेल्वेचे. १८६७ साली मुंबईकडचे रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचले आणि वाटेतल्या आमच्या गावाच्या नावाला ते शेपूट कायमचे चिकटले. स्टेशनची पाटी हेच त्या घटनेचे स्मारक म्हणा ना!

पण स्मारक सांगते ते सगळेच खरे धरू नये. याच रुळांवरच्या अकोल्याला उतरून असदगड पाहा. औरंगजेबाचा वजीर असदखान, त्याचे नाव किल्ल्याला. दहीहंडा वेशीवरच्या लेखात साल १६९७ चे. आणि अगरवेशीवरचा लेख म्हणतो, किल्ला गोविंद आप्पाजीने १८४३ त बांधला! आता १८०३ त, आडगावच्या लढाईआधी, वेलस्लीचा तळ अकोल्याला पडला तेव्हा किल्ला होताच की. गोविंद आप्पाजीने डागडुजी केली असावी, आणि लिहिणाऱ्याने हात सैल सोडला असावा, असे आपले माझे मत. काही का असेना, दगडावर नाव कोरले, म्हणून आज आपण ते घेतो आहोत.

अमरावतीची गोष्ट वेगळी. रेल्वे येण्यापूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांवर, गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एकट्याने एक लाख बैल लादून माल कलकत्त्याकडे धाडला, अशी नोंद आहे. पेठ त्याच्या आधीपासूनच श्रीमंत. तेव्हा पिंडाऱ्यांचा डोळा तिच्यावर जाणारच. म्हणून १८०७ त निजामाच्या सरकारने परकोट बांधायला घेतला. उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे, चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणसाने ये-जा करायचे लहान दार; गाडी-घोड्याला दरवाजा.

बाहेरचा लुटारू बाहेर राहावा, म्हणून एवढा चुना-दगड लागला. आणि भिंत बांधायला घेऊन पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोच तिच्या एका खिडकीपाशी दंगल उसळून सातशे माणसे पडली, असे सांगतात. सातशे! चांगले मोठे खेडे झाले की हो. आकडा थोडा फुगला असेल, धरून चालू. अर्धी माणसे पडली असे धरले तरी त्या चिंचोळ्या दारापाशी काय झाले असेल?

कापसाचे बैल कोणीतरी मोजून ठेवले. या माणसांसाठी मात्र लोकांनी एवढेच केले, की त्या दाराला खुनारी खिडकी म्हणू लागले. नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे वाट कुठे जाते ते सांगतात. खुनारी या नावाचे कुठले गाव नाही.