आग्वादची बत्ती

आमच्या बार्देशातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘लाईट हाऊस’ हा शब्द नव्हता. ‘आग्वादची बत्ती’ म्हणायचे. आता पर्यटक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात, आणि कितीतरी जणांना तो टेहळणीचा बुरूज वाटतो. निदान आपल्या घरातल्या मुलांना तरी खरं काय ते ठाऊक असावं, म्हणून हे लिहितोय.

किल्ला आधीचा. डच जहाजं मांडवीच्या तोंडाशी वाट अडवू लागली, तेव्हा पोर्तुगीजांनी १६०९ ते १६१२ या काळात तो बांधला. नाव पडलं पाण्यावरून. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. महिनोन्महिने प्रवास करून आलेली जहाजं इथल्या झऱ्याचं गोडं पाणी भरून घेत. वरचं टाकं १६ खांबांचं, त्यात सुमारे २३ लाख गॅलन पाणी मावतं असं सांगतात. बँकेतली खोड जात नाही म्हणून हिशेब केला, एक कोटी लिटरच्या वर गेलं! आजच्या दहा हजार लिटरवाल्या टँकरांचे हजाराहून जास्त फेरे.

दीपस्तंभ १८६४ चा. चार मजली, गोल, पांढरा, अंगाने जाड. दिवा तेलावर जळायचा. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, अंदाज चुकला की जहाज रुतलंच. पावसाळ्यात तर मुंबईची बोटसुद्धा बंद, ती नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवला की सुरू व्हायची. त्यामुळे मे महिन्यात म्हापशाच्या दुकानांत पुरुमेंताची जी झुंबड उडायची ती ज्यांनी पाहिली त्यांनाच माहीत.

या मनोऱ्यात एके काळी एक मोठी घंटाही होती. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, त्याची ही घंटा. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये नेली. पायऱ्या चढून जाताना वर मधोमध दिसते ती हीच. सी कॅथेड्रलची घंटा सोडली तर गोव्यात हिच्याएवढी दुसरी नाही.

खाली पाण्याच्या कडेला तुरुंग. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये इथेच डांबलं, मग पोर्तुगालला पाठवलं. पुढे कितीतरी सत्याग्रही इथे आले. आमच्या नात्यातले एक काका त्यांत होते. ते तुरुंगाबद्दल फारसं बोलत नसत. एवढंच सांगायचे, की रात्री समुद्रावरून उजेड सरकताना दिसायचा आणि त्यावर ते वेळ मोजायचे. गाईड लोक टाक्याची आणि तोफांची माहिती देतात, या माणसांबद्दल एक वाक्य नाही. मला हे खटकतं.

१९७६ मध्ये शेजारी नवं दीपगृह झालं आणि जुनी बत्ती विझली. म्हणून धोका संपला असं नाही हं! जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ जहाज वादळात नांगर तुटून जवळच कांदोळीच्या किनाऱ्याला लागलं आणि दहा-बारा वर्षं तिथेच गंजत पडलं होतं.

कुणाच्या घरी मुंबई-पणजी बोटीची जुनी तिकिटं असतील, किंवा आग्वादला कैद भोगलेल्या माणसाची पत्रं, तर जपून ठेवा आणि फोटो काढून इथे टाका.