गुत्ता, परवाना आणि व्यसनाचा प्रश्न

व्यसन हा रोग की माणसाची स्वतःची निवड, असा प्रश्न माझे विद्यार्थी मला विचारतात. व्यसनमुक्ती सप्ताहात तो वादविवादाला ठेवला जातो. एक बाजू मेंदूविषयी बोलते, दुसरी इच्छाशक्तीविषयी. इतिहास मात्र कुणी काढत नाही. वास्तविक हे दोन्ही शब्द आपल्या समाजाला निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी चिकटवले गेले, आणि चिकटवणारे हात आपले नव्हते.

आमच्या मराठवाड्यात दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतात. गुत्ता म्हणजे मक्ता. निजामी अमदानीत शिंदी आणि मोहाची दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावाने देई. आबकारी हे राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. म्हणजे आमचा आजा ज्या जागी बसून पीत असे, त्या जागेचे नावच सरकारी करारावरून पडले आहे. इंग्रजी मुलखात तरी वेगळे काय होते? 1878च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर आदिवासीच्या घरची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराची भट्टी महसूल ठरला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली. पिणाऱ्याला उपदेश करणे केव्हाही सोपे. जोतीरावांनी दुकानाकडे बोट दाखवले. पिणाऱ्याची निवड मोजायची असेल तर दुकान उघडणाऱ्याचीही मोजावी लागेल, हा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

मग रोग म्हणावे काय? या शब्दाचीही मला धास्ती वाटते. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरवली. तो 1952 साली रद्द झाला, पण त्यामागचे मन रद्द झाले नाही. “यांच्या रक्तातच आहे” हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते दारूविषयीच होते. वैद्यकशास्त्र असे काही म्हणत नाही. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने 1956 साली दारूचे व्यसन हा आजार मानला. आपल्याकडे 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दारू व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्थांना मानसिक आजारात धरले. रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी सोडली तर हात थरथरतात, भास होतात, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. त्याला “मनावर घे” एवढेच सांगणे हा अडाणीपणा आहे. काहींना आनुवंशिकतेने धोका अधिक असतो हेही खरे. पण तो व्यक्तीचा असतो, जातीचा नव्हे. ‘रक्त’ म्हणणाऱ्यांना हा फरक नको असतो.

रोगी कोण आणि गुन्हेगार कोण, याचा निवाडा कसा झाला हे पाहायचे तर 1949चा मुंबई दारूबंदी कायदा वाचावा. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे तो कायदाही इथे आला. या व्यवस्थेत ज्याच्यापाशी डॉक्टरचा दाखला, त्याला प्रकृतीच्या कारणासाठी विलायती मद्याचा परवाना मिळे. ज्याच्यापाशी दाखला नाही, त्याच्या वाट्याला हातभट्टी आणि पोलिसाची काठी. बाटली पिणारा रुग्ण, पावशेर पिणारा आरोपी! एकच व्यसन, पण वर्ग बदलला की शास्त्र बदलते. हा कायदा आजही लागू आहे आणि परवानेही निघतात. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती झोपडपट्टीतली कष्टकरी माणसे होती.

बाबासाहेबांची भूमिका या संदर्भात नीट समजून घेतली पाहिजे, कारण वरवर पाहता तिच्यात विसंगती दिसते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की नवरा वा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आणि तरीही मुंबई कायदेमंडळात त्यांनी काँग्रेस सरकारच्या दारूबंदीच्या खर्चावर टीका केली. प्राथमिक शिक्षण त्यांना अधिक निकडीचे वाटत होते. मला यात विसंगती दिसत नाही. पोलिसाकरवी लादलेला संयम आणि लाखो माणसांनी एकत्र उभे राहून घेतलेला निर्णय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिज्ञा ही निवडच आहे. पण ती एकट्या, लाजलेल्या माणसावर टाकलेली नाही. शेजारी, बायको, वस्ती तिच्यात साक्षीदार असतात. ज्यांना तेवढ्याने सुटत नाही त्यांना औषध हवे, खाट हवी. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणने उपचार आणि सोबत या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात हे दाखवले. प्रतिज्ञा मोडणाऱ्याला धम्मद्रोही म्हणून हाकलणारे कार्यकर्ते मला माहीत आहेत. त्यांनी याचा विचार करावा.

सरकारची निवड मात्र अजून गुत्त्याचीच आहे. आमच्या शहराभोवती, वाळूजच्या बाजूला, बिअरचे मोठे कारखाने आहेत. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, तेव्हा या कारखान्यांचे पाणी कमी करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला.

गावातले दुकान बंद करण्याचा अधिकार स्त्रियांना आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. मतदान होते, बाटली आडवी करायची असते. पण त्यासाठी हजर असलेल्यांचे बहुमत पुरत नाही; यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. आमच्या भागातील कितीतरी दलित आणि भटक्या समाजातील बाया दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. तेवढ्या काळात मतदान लागले तर त्यांचे न पडलेले मत दुकानाच्याच बाजूने जमा होते.