नियतकालिकांची नोंद : नियम आणि तारतम्य

ग्रंथालयातील कार्डांचा इतिहास हा काही गर्दी खेचणारा विषय नव्हे, हे आम्ही जाणून आहो. परंतु नियम कोणी करावयाचे आणि प्रत्यक्ष काम करणाराने आपली अक्कल किती चालवावयाची, हा कारखान्यातला जुना तंटा तेथेही शंभराहून अधिक वर्षे चालला आहे.

पुस्तक छापले की त्याचे नाव ठरले. नियतकालिकाचे तसे नाही. ते नाव बदलते, गाव बदलते, बंद पडते, दुसऱ्यात विलीन होते. ब्रिटिश म्यूझियममध्ये पानिझ्झीने १८४१ साली ९१ नियम छापले. तेथील तालिकेत सारी नियतकालिके एकाच मोठ्या मथळ्याखाली गावांच्या नावाने लावलेली असत. गाव माहीत नसलेल्या वाचकाने काय करावे?

पुढे नियम वाढतच गेले. १९०८ साली इंग्रज आणि अमेरिकन ग्रंथपालांनी मिळून संहिता केली. १९४१ साली अमेरिकेत तिचा नवा मसुदा निघाला, तो इतका फुगला की अँड्रू ऑसबर्न यांनी त्याच वर्षी तालिकीकरणावरील संकट या विषयावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की, प्रत्येक अडचणीला नियम हवाच, असे एकदा मानले की नियमामागचे कारण विसरले जाते आणि उरते ते केवळ वरून मिळणाऱ्या निवाड्याची वाट पाहणे. आमच्या चळवळीत हे सर्वांना ठाऊक आहे. संप करावयाचा नाही, फक्त नियमपुस्तक अक्षरशः पाळावयाचे. त्या दिवशी गाडी वेळेवर सुटत नाही. एरवी ती कोणाच्या तारतम्यावर सुटते, हे मग साहेबांना कळते.

तरीही आम्ही नियमांचे वैरी नव्हे. १९४६ सालचा स्थायी आदेशांचा कायदा कामगारांना हवासा वाटला, कारण मुकादमाच्या लहरीपेक्षा लेखी नियम बरा.

खरी कसोटी नाव बदलण्याच्या वेळी लागते. डॉ. आंबेडकरांचे 'जनता' १९३० साली निघाले आणि १९५६ साली त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. अमेरिकेतील जुन्या रीतीने सर्व वर्षे नव्या नावाखाली न्यावयाची. वाचकाला सारी मालिका एकत्र मिळते, पण कारकुनाला जुनी कार्डे काढून पुन्हा लिहावी लागतात. १९६७ च्या संहितेने उलटे ठरविले : नाव बदलले की नवी नोंद, आणि दोन्ही कार्डांवर एकमेकांचा निर्देश. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने ही रीत १९७१ साली स्वीकारली. कारकुनाचे श्रम वाचले. मात्र तो एका ओळीचा निर्देश राहून गेला, तर १९५६ नंतरचे अंक शोधणारा 'जनता'पाशीच थांबतो आणि पत्र बंद पडले असे समजून घरी जातो. दलित चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही लहान चूक नव्हे.

आणखी एक गंमत. १९४६ साली समाजवाद्यांचे 'जनता' याच नावाचे इंग्रजी साप्ताहिक निघाले. सारख्या नावांची पत्रे वेगळी दाखवावयास सामान्यतः कंसात गावाचे नाव जोडतात. पण दोन्ही 'जनता' मुंबईच्याच म्हणून ओळखल्या जातात! तेव्हा वर्ष जोडावे की भाषा, हे परदेशातील समिती सांगू शकत नाही. ज्या ग्रंथपालाकडे दोन्ही पत्रांची बाडे आहेत आणि ती मागायला कोण येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते ठरवावे, असे आमचे मत आहे. मात्र ठरविलेले लिहून ठेवावे. डोक्यात ठेवलेले तारतम्य माणसाबरोबर निवृत्त होते.

अमेरिकेतील नियतकालिक-तालिकाकारांच्या सहकारी उपक्रमानेही २००७ साली आवश्यक बाबींची यादी आखूड केली आणि बरेचसे तालिकाकाराच्या विवेकावर सोडले. ऑसबर्न यांच्या लेखाला तोवर ६६ वर्षे झाली होती.